टेबल हलवल्यापासून

टेबल हलवल्यापासून काहीतरी बिनसलंय. एवढ्याशा गोष्टीने माणसाचं बिनसावं हे मला पटत नाही, म्हणून इतके दिवस हे लिहिलंही नव्हतं. टेबल तेच आहे, खुर्ची तीच आहे, दिवा तर उलट नवा आणि चांगला आणलाय. फक्त खिडकीपाशी होतं ते आता आतल्या भिंतीला लागलंय. खिडकीची ती खोली धाकट्या बहिणीला द्यायची हे मीच सुचवलं होतं. आज कुणी पुन्हा विचारलं तरी तेच सुचवेन. ती का आली त्याबद्दल इथे काही लिहायचं नाही.

पण मन लागत नाही. मुद्रितं तपासताना एकाच ओळीवर रेंगाळते, वेलांट्या निसटतात. दुपार कधी कलली ते कळत नाही आणि संध्याकाळी उगाच डोकं जड होतं. कुणी साधं काही विचारलं तरी उत्तर तुटक जातं. आज आई म्हणाली, "तुला काय होतंय? तू तर आपल्या घरातली समाधानी." ती सहज बोलून गेली. मला मात्र ते दिवसभर टोचत राहिलं.

कारण हेच तर मी माझं समजत आले. लहानपणापासून हेच ऐकलंय. हिला काही लागत नाही, ही कुठेही रमते, हिचा स्वभावच तसा. इतरांकडे रूप होतं, हुशारी होती, माझ्याकडे हा स्वभाव होता. वाईट काळातही तो पुरला. बाबांच्या वेळीसुद्धा पुरला. आणि आता टेबल चार पावलं सरकलं तर तो दिसेनासा होतो? मग तो माझा होता की त्या खिडकीचा?

हा प्रश्न काही सोडत नाही. दिवसभर दुसरं काही सुचलं नाही.

रॉजर उलरिच यांचा १९८४ साली 'सायन्स' या नियतकालिकात आलेला अभ्यास मला ठाऊक होता, एका पुस्तकाची मुद्रितं तपासताना त्याची भेट झाली होती. पेनसिल्व्हेनियातल्या एका रुग्णालयात पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेले रुग्ण. त्यातल्या २३ जणांच्या खिडकीतून झाडं दिसत होती, २३ जणांच्या खिडकीतून विटांची भिंत. वय वगैरे बघून जोड्या लावलेल्या. झाडं दिसणारे सरासरी ७.९६ दिवसांत घरी गेले, भिंत दिसणाऱ्यांना ८.७० दिवस लागले. झाडांकडे बघणाऱ्यांना वेदनेची तीव्र औषधंही कमी लागली. तेव्हा मी दशांश चिन्हं नीट पडली आहेत ना एवढंच पाहिलं होतं. आज भिंतीसमोर बसून त्या दुसऱ्या २३ जणांचा विचार करत होते. त्यांच्यातही समाधानी स्वभावाचे कुणी असतीलच की. त्यांना आपल्याला जास्त का दुखतंय ते कळलं असेल का? शेजारच्या खोलीतून झाड दिसतं हे त्यांना माहीतही नसणार.

मला निदान माहीत आहे. पण त्याने बरं वाटत नाही.

उजेडाचंही तसंच. डोळ्याला तो फसवतो. घरात दिव्याखाली शंभर ते पाचशे लक्स प्रकाश असतो, बाहेर ढगाळ दिवशीसुद्धा काही हजार, लख्ख उन्हात एक लाखाच्या आसपास. डोळा लगेच जुळवून घेतो, म्हणून आपल्याला वाटतं की सगळीकडे दिसतंय ना, झालं. पण डोळ्याच्या पडद्यात पाहण्यासाठी असलेल्या पेशींखेरीज आणखी काही पेशी असतात, हे २००२ च्या सुमाराला स्पष्ट झालं. त्या किती उजेड आहे ते मोजतात आणि मेंदूतल्या घड्याळाला कळवतात. झोप, जाग, तरतरी यांची वेळ त्यावर ठरते. काही अंध माणसांमध्येही त्या काम करत राहतात. म्हणजे मी न बघता, न ठरवता माझ्या आत कुणीतरी दिवसभर उजेड मोजत होतं आणि मी त्याला स्वभाव म्हणत होते. हे वाचायला सुंदर आहे, पण आज मला ते क्रूर वाटलं.

मग थोडी हुशारी सुचली. म्हटलं, हे सगळं आपल्या लक्ष देण्यानेच होत असेल. डेव्हिड श्केड आणि डॅनियल कानमन यांनी १९९८ साली अमेरिकेतल्या विद्यार्थ्यांना विचारलं होतं, कॅलिफोर्नियातल्या आणि मध्य-पश्चिमेतल्या. कॅलिफोर्नियाचं हवामान चांगलं, तेव्हा तिथले जास्त सुखी असतील असं दोन्हीकडच्यांना वाटलं, पण स्वतःच्या आयुष्याबद्दल दोघांचं समाधान जवळपास सारखंच निघालं. एखाद्या गोष्टीकडे बघत राहिलं की ती असते त्याहून मोठी दिसते. मीही भिंतीकडेच बघत बसलेय, म्हणून ती मोठी झाली असेल. तासभर मी यावर विश्वास ठेवला. पाठ ताठ करून बसले, भिंतीकडे दुर्लक्ष केलं.

पण नाही. कॅलिफोर्नियाचं हवामान रोज कुणी हाताळत नाही. माझी खिडकी मी हाताळत होते.

हे लिहिताना पहिल्यांदा काहीतरी हाताला लागतंय, म्हणून जरा थांबून लिहिते. मला नुसतं दृश्य आवडायचं असं नाही. बसण्याआधी पडदा सरकवायचा, मग कामाला हात. पान संपलं की मान वर, नजर लांब, समोरच्या फांद्यांवर काही हाललं का ते बघायचं आणि पुढचं पान. ऊन कागदावर आलं की खुर्ची थोडी वळवायची, त्या निमित्ताने उठायचं, पाणी घ्यायचं. खालून ते आजोबा काठी टेकत गेले की हात करायचा. आमचं कधी बोलणं नाही, पण ते थांबून वर बघायचे. ते गेले की समजायचं, आता आवरायची वेळ झाली. दिवा लावायचा, काम बंद. यातलं एकही मी ठरवलेलं नव्हतं. मी ज्याला रमणं म्हणायचे त्यातलं बरंचसं हेच होतं, आणि ते सगळं त्या चौकटीला बांधलेलं होतं. टेबल उचललं तेव्हा त्यातलं काहीच सोबत आलं नाही.

वेंडी वूड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ साली विद्यापीठ बदललेल्या विद्यार्थ्यांवर हे दाखवलं होतं. व्यायाम, वर्तमानपत्र वाचणं, टीव्ही बघणं या सवयी नव्या जागी टिकल्या त्या जिथे आजूबाजूची मांडणी आधीसारखी होती तिथे. जिथे मांडणी बदलली तिथे पक्की सवयही ढिली पडली, मग माणसाचा हेतू काय आहे यालाच महत्त्व आलं. मला तर हेतूची गरजच पडली नव्हती कधी. उठायला, लांब बघायला, थांबायला मला कुणी सांगावं लागत नव्हतं. आता हे सगळं स्वतःला सांगावं लागतं आणि दिवसाच्या शेवटी त्यानेच थकायला होतं.

मग हा स्वभाव नव्हताच का? की स्वभाव म्हणजे हेच असतं, जागा मिळाली की तिला लागून वाढणारं काहीतरी? मला दुसरं खरं वाटतं. निदान आज वाटतंय. जुन्या घरात खिडकी नव्हती तेव्हा मी जिन्यात बसून वाचायचे, आणि तिथेही रमायचे हे खरं आहे. कुणी ती जागा दिली नव्हती, मीच शोधली होती. तेवढं तरी माझं.

संध्याकाळी धाकटीच्या खोलीवरून जाताना पाहिलं, पडदा पूर्ण सरकवलेला होता. ती उशीत तोंड खुपसून पडलेली नव्हती. खिडकीच्या कठड्यावर पाय घेऊन बसली होती आणि कुणाशी तरी फोनवर बोलत होती, हसून नाही, पण साध्या आवाजात. किती दिवसांनी तो साधा आवाज ऐकला. आत काहीतरी टोचलं आणि त्याच क्षणी बरंही वाटलं. दोन्ही खरं होतं. तिच्या त्या घरातली खोली मी पाहिलेली आहे. असो.

लंडनमध्ये फिलिपा लॅली यांनी ९६ जणांवर केलेला अभ्यास आहे, नवी सवय अंगवळणी पडायला किती दिवस लागतात त्याचा. साधारण ६६ दिवस, पण कुणाला १८ तर कुणाच्या बाबतीत हिशोब २५४ पर्यंत जाणारा. एखादा दिवस चुकला तर फारसं बिघडत नाही, असंही त्यात दिसलं. हे वाचून आज पहिल्यांदा हायसं वाटलं. मी संपलेली नाही, मधल्या दिवसांत आहे. हे दिवस असेच जड जाणार, त्याला इलाज नाही, आणि जाऊ देत.

सकाळी कामाला बसण्याआधी गच्चीवर जायचं ठरवलंय. उजेड तिथे भरपूर आहे आणि त्याला कुणाची खोली लागत नाही. पान संपलं की उठून दारापर्यंत जायचं, हे सध्या मुद्दाम. भिंतीवर काही लावायचं नाही, आई कॅलेंडर देत होती, नको म्हटलं. चित्रातल्या झाडाची पानं हालत नाहीत. आणि आजोबांची वेळ झाली की खाली फाटकापर्यंत जाऊन यायचं. त्यांनी वर बघितलं असेल, आणि खिडकीत वेगळंच कुणी दिसलं असेल. त्यांना काय वाटलं असेल कुणास ठाऊक. बोलायला काय हरकत आहे आता, इतकी वर्षं हात केलाय. नाव विचारेन, आणि खिडकीत ती माझी धाकटी बहीण आहे हे सांगेन, म्हणजे तिलाही हात करतील.