माळ्यावर गेलेला ब्रीडिंग बॉक्स

माझ्या घरात माशांची पहिली पिल्ले जन्मली ती एका प्लॅटीची, आणि त्या प्लॅटीच्या मृत्यूला मीच कारण झाले. ही गोष्ट आधी सांगायला हवी, कारण जिवंत पिल्ले देणाऱ्या माशांच्या पैदाशीबद्दल आज मी जे थोडेफार ठामपणे सांगू शकते, त्याची सुरुवात तिथून झाली. मासे आणताना त्यांच्याबरोबर मी प्लास्टिकचा एक ब्रीडिंग बॉक्सही आणला होता. टाकीच्या काचेला आतून अडकवायचा, तळाशी फटी असलेला पारदर्शक डबा. मादीला त्यात ठेवायचे, पिल्ले फटींमधून खालच्या कप्प्यात पडतात आणि आईच्या तोंडी जाण्यापासून वाचतात, अशी त्यामागची कल्पना. मादीचे पोट फुगलेले दिसताच मी तिला त्यात ठेवले. पाच दिवस गेले, आठ गेले. जेमतेम वीतभर लांबीच्या त्या डब्यात ती दिवसभर काचेला तोंड घासत वर-खाली करत असे आणि तिने खाणे जवळजवळ सोडले होते. अकराव्या दिवशी सकाळी खालच्या कप्प्यात नऊ पिल्ले होती, त्यांतली चार मेलेली. संध्याकाळपर्यंत मादीही गेली.

गपी, मोली, प्लॅटी आणि स्वोर्डटेल हे चारही मासे एकाच कुळातले. यांच्यात नराचा गुदपर, म्हणजे पोटाखाली शेपटीकडचा पर, अरुंद होऊन नळीसारखा झालेला असतो आणि त्याच्या साहाय्याने फलन मादीच्या शरीरात होते. अंडी पाण्यात न सोडता मादी ती पोटातच वाढवते आणि साधारण चार आठवड्यांनी पूर्ण वाढलेली, पोहू शकणारी पिल्ले बाहेर सोडते. नराचे शुक्राणू ती काही महिने साठवून ठेवू शकत असल्यामुळे दुकानातून एकटीच आणलेली मादीसुद्धा घरी दोन-तीन वेळा पिल्ले देते, आणि नवख्या माणसाला हा चमत्कार वाटतो. पण मला यातली सर्वांत महत्त्वाची वाटणारी बाब वेगळीच आहे. गपीच्या पिल्लाला वाढीसाठी लागणारे अन्न बहुतांश अंड्यातल्या बलकातच असते आणि तो बलक फलनाच्या आधी भरलेला असतो. म्हणजे पोट फुगल्यावर मादीला चांगलेचुंगले खाऊ घालून पिल्ले धष्टपुष्ट होत नाहीत. तो खुराक तिला आधीच मिळालेला असावा लागतो. म्हणूनच मी पैदाशीच्या माद्यांना वर्षभर एकसारखे खायला घालते, आणि शेवटच्या आठवड्यात त्यांना निवांतपणा सोडून वेगळे काहीही देत नाही.

दिवस भरत आल्याची खूण म्हणून शेपटीजवळचा काळसर डाग पाहायला सांगतात, परंतु काळ्या मोलीत तो दिसतच नाही आणि गपीत तो एरवीही असतो. त्यापेक्षा मादीला समोरून पाहावे. पोट नुसते गोल न राहता खाली चौकोनी होते, जणू बटव्यात सुपाऱ्या दाटून भरल्या आहेत. फिकट रंगाच्या गपीत तर पोटाच्या कातडीतून पिल्लांचे डोळे काळ्या टिंबांसारखे दिसू लागतात. मग ती कळपातून बाजूला होते आणि हीटरच्या मागे किंवा एखाद्या कोपऱ्यात स्थिर उभी राहते. अशा वेळी तिला जाळीने पकडणे म्हणजे तिच्यावर घाला घालण्यासारखेच आहे. आईला हलवू नये, पिल्लांना हलवावे, हा माझा नियम त्या प्लॅटीने मला शिकवला. ब्रीडिंग बॉक्स तेव्हापासून माळ्यावर आहे.

त्याऐवजी टाकीच्या एका बाजूला मी हॉर्नवर्ट ही पाणवनस्पती इतकी दाट वाढू देते की मोठ्या माशाला त्यात शिरता येऊ नये, आणि तळाशी जावा मॉस या शेवाळासारख्या वनस्पतीचा जाड गालिचा ठेवते. एकदा, डिसेंबरात, मी एका गपीची प्रसूती सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाहिली. पिल्लू दुमडलेल्या स्थितीत बाहेर येते आणि पाण्यात पडता पडता उलगडते. खाली मॉसवर ते क्षणभर निपचित पडते आणि मग एकदम सरळ वर झेप घेऊन पृष्ठभागावरची हवा गिळते, कारण वाताशय, म्हणजे अंगातली हवेची पिशवी, भरल्याखेरीज त्याला पाण्यात तरंगता येत नाही. मॉसपासून पृष्ठभागापर्यंतचा तो वीतभर प्रवास त्याच्या आयुष्यातला सर्वांत धोक्याचा असतो. वर तरंगणारी वनस्पती हवी ती याचसाठी. त्या दिवशी दोन तासांत सव्वीस पिल्ले झाली. आईने त्यांतली दोन माझ्या डोळ्यांदेखत खाल्ली. बाकीची मी दुसऱ्या दिवशी स्टीलच्या वाटीने पाण्यासकट उचलून लहान टाकीत नेली, कारण जाळीत त्यांचे नाजूक पर दुखावतात.

पुण्यात मासे पाळणाऱ्याने पाण्याकडे विशेष लक्ष द्यायला हवे. आमच्याकडे खडकवासल्याचे पाणी येते आणि ते मृदू असते. इमारतीच्या बोअरचे पाणी मात्र बेसॉल्टच्या खडकातून आलेले, इतके जड की त्यात डाळ लवकर शिजत नाही आणि बादलीच्या कडेला पांढरा थर धरतो. गपी दोन्हींत तग धरते, मोलीचे तसे नाही. माझ्या पहिल्या काळ्या मोली महानगरपालिकेच्या पाण्यात महिनाभरातच एका जागी उभ्या राहून अंग थरथरवू लागल्या, पर मिटलेले, पुढे सरकणे नाही. मी ती थंडी समजून हीटर वाढवला आणि त्यामुळे काहीही सुधारले नाही. त्यांना हवे होते ते कॅल्शियम आणि मॅग्नेशियम. मग रोज थोडे थोडे करत दहा दिवसांत अर्धे पाणी बोअरचे केले आणि फिल्टरमध्ये शिंपल्यांचा चुरा कापडी पुरचुंडीत बांधून ठेवला, तेव्हा थरथर थांबली. दीड महिन्याने त्याच माद्यांनी पिल्ले दिली. ज्या पाण्याला आपण स्वयंपाकघरात नावे ठेवतो, ते मोलीला मानवते. नळाच्या पाण्यातले क्लोरिन घालवण्यासाठी ते चोवीस तास उघड्या पिंपात ठेवावे, हे तर सगळ्यांनाच माहीत असते.

पिल्लांना खायला घालण्यात मात्र बहुतेकांचे चुकते, आणि चुकते ते जास्त देण्यात. उकडलेल्या अंड्याचा बलक पाण्यात कालवून देण्याची जुनी पद्धत मी सोडून दिली, कारण पिल्ले त्यातला थोडाच भाग खातात, उरलेला कुजतो, पाण्यात अमोनिया वाढतो आणि तिसऱ्या दिवशी पिल्ले तळाला लागतात. आर्टेमिया या खाऱ्या पाण्यातल्या, कोळंबीसारख्या इवल्या जीवाची ताजी पिल्ले याहून कितीतरी चांगली. एका लिटर पाण्यात सुमारे 25 ग्रॅम खडेमीठ, चिमूटभर आर्टेमियाची अंडी आणि एअर पंपाची एक नळी, एवढ्यावर उन्हाळ्यात 24 तासांत केशरी ढग दिसू लागतो. थंडीत दीड-दोन दिवस लागतात. पंप बंद करून बाटलीच्या खालच्या बाजूला दिवा धरला की आर्टेमिया उजेडाकडे जमतात आणि रिकाम्या टरफलांचा तवंग वर राहतो. मग बारीक नळीने त्या ओढून, मलमलीच्या फडक्यातून गाळून, गोड्या पाण्याने धुऊन घ्याव्यात. दिवसातून चार वेळा, पाच मिनिटांत संपेल एवढेच द्यावे. पोट भरलेले पिल्लू ओळखणे अगदी सोपे असते, त्याच्या पारदर्शक अंगातून पोटातला केशरी ठिपका दिसतो.

तीन-चार आठवड्यांची झाली की गपीची पिल्ले रोज भिंगातून पाहावी लागतात. मादीचा गुदपर पंख्यासारखा पसरट राहतो, नराचा निमुळता होऊ लागतो, आणि तो बदल दिसताच नर वेगळे काढले नाहीत तर बहिणी कोवळ्या वयात गाभण राहतात, त्यांची वाढ खुंटते आणि पुढची पिल्ले बारीक होतात. रंग जपायचा असेल तर बापाची निवड अधिकच जपून करावी. गपी नरांचे काही रंग आणि ठिपके थेट बापाकडून मुलाकडे उतरतात, हे डेन्मार्कचे जीवशास्त्रज्ञ योहानेस श्मिट यांनी 1920 साली दाखवले आणि तिथल्याच विंगे या आनुवंशशास्त्रज्ञांनी 1922 मध्ये ते वाय गुणसूत्राशी जोडले. घरच्या टाकीत हे डोळ्यांनी पाहता येते. माझ्याकडच्या एका नराच्या खांद्यावर तांबूस ठिपका होता, आणि त्याच्या पाचव्या पिढीतल्या प्रत्येक मुलाच्या खांद्यावर आज तोच ठिपका आहे. प्लॅटी आणि स्वोर्डटेल मात्र एका टाकीत ठेवू नयेत. त्यांचा संकर सहज होतो आणि त्यातल्या काही संकरांना कातडीच्या काळ्या गाठींचा कर्करोग होतो.

पिल्ले वाचवायला शिकल्यावर खरा प्रश्न उभा राहतो तो संख्येचा. एका मादीने महिन्याला पंचवीस पिल्ले दिली आणि त्यांतली वीस जगली, तरी वर्षभरात एका घराला पेलणार नाही एवढा संसार होतो. म्हणून आता मी वर्षातून तीनच वेळा नर-मादी एकत्र ठेवते. जास्तीचे मासे ओळखीच्या घरांत जातात, तेही त्यांची टाकी महिनाभर चालू असल्याची खात्री करूनच. नदीत किंवा ओढ्यात मी एकही मासा कधी सोडलेला नाही आणि कुणी सोडू नये असे मला मनापासून वाटते. गपी आपल्याकडे डासांच्या अळ्या खाण्यासाठी विहिरींत सोडली जाते हे खरे, पण वाहत्या पाण्यातल्या आपल्या देशी माशांच्या वाट्याचे अन्न आणि जागा हिने का घ्यावी?

गेल्या मे महिन्यात सोसायटीच्या वॉचमनकाकांनी विचारले, "ताई, कारंजं बंद पडलंय, हौदात पाणी साचून अळ्या झाल्यात. तुमचे मासे टाकायचे का?" मी आधी हौदाचे जादा पाणी कुठे जाते ते पाहिले, त्या पाइपच्या तोंडाला मच्छरदाणीच्या जाळीचा तुकडा तारेने आवळून बांधला आणि मगच त्यात पैदाशीसाठी न निवडलेले, साध्या रंगाचे चोवीस गपी नर सोडले, मादी एकही नाही. चौथ्या दिवशी पाण्यात अळी दिसली नाही. दर रविवारी सकाळी मी तिथे जाऊन ते मोजते. परवा एकवीस भरले. तीन बहुधा खंड्याने नेले असावेत, कारण हल्ली तो हौदाच्या कठड्यावर बसलेला दिसतो.