दोन गाड्यांची जागा

गुरुवार रात्र, चिपळूण

आज दिवसभर माझी मोटरसायकल पुढे होती आणि शुभांगीची मागे. पहाटे उरण फाट्याच्या पंपावर भेटलो तेव्हाच ठरवून टाकलं, गोव्याला जाताना मी पुढे, परतताना ती. मध्ये अदलाबदल नाही. वागातोरला रॉयल एनफिल्डवाल्यांचा नोव्हेंबरातला मेळा आहे. २०२३ पासून त्याचं नाव मोटोव्हर्स झालंय, आमच्या तोंडात मात्र अजून रायडर मेनियाच बसलंय. कित्येक वर्षं आम्ही "पुढच्या वर्षी नक्की" म्हणत आलो. कधी तिच्या शाळेच्या परीक्षा, कधी माझ्या बँकेचं ऑडिट, कधी कुणाचं आजारपण. यंदा सासूबाईच म्हणाल्या, "गुडघे धडधाकट आहेत तोवर जाऊन या." तिखटमिठाच्या पुऱ्यांचा डबा त्यांनी स्वतः बॅगेत भरला.

माझी क्लासिक ३५०, तिची मीटिअर. तिने मीटिअर घेतली ती सीटच्या उंचीसाठी. क्लासिकची सीट ८०५ मिलिमीटरवर आणि मीटिअरची ७६५. चार सेंटिमीटर म्हणजे कागदावर काहीच नाही. पण गाडी १९० किलोच्या वरची असते, आणि चढावर थांबल्यावर अख्खं पाऊल टेकतं की नुसता चवडा, यावर आपला सगळा भरवसा असतो. गाडी घ्यायला निघालेल्या कुठल्याही मैत्रिणीला मी आधी हेच सांगते. रंग नंतर बघ, आधी बसून पाय टेकवून बघ.

आमच्याकडे इंटरकॉम नाही, त्यामुळे बोलणं सगळं डाव्या हातानं. बोट खाली रोखलं की खड्डा, टाकीवर थाप म्हणजे पेट्रोल, वर धरलेली मूठ म्हणजे थांब. मी लेनच्या उजव्या अंगाला, ती माझ्या मागे दोन सेकंद डाव्या अंगाला. वळण आलं की एकामागे एक.

पळस्पे सोडलं, कर्नाळा किल्ल्याचा अंगठ्यासारखा सुळका उजेडात यायला लागला आणि पेणच्या पुढे हायवेने आपलं खरं रूप दाखवलं. हा पूर्वीचा १७ नंबर, आता ६६. रुंदीकरण २०११ पासून चाललंय. काँक्रीटची छान लेन धावता धावता एकदम संपते, डायव्हर्जनचा बोर्ड येतो आणि गाडी जुन्या डांबरावर उतरते. चारचाकीला तो एक धक्का असतो. दुचाकीला मात्र काँक्रीटची ती वीतभर उंच कड जिवावरची असते. तिला समांतर जात हळूच चढायला गेलं तर पुढचं चाक कडेला घासत राहतं आणि गाडी अंगाखालून निघून जाते. वेग कमी करून, हँडल वळवून, कडेला जमेल तेवढं काटकोनात घ्यायचं. प्रत्येक कडेआधी मी हात खाली करून दाखवत होते. माणगावपर्यंत डावा दंड भरून आला.

पण आजची खरी गोष्ट वेगळीच. इंदापूरच्या अलीकडे एका कंटेनरमागे बराच वेळ अडकलो होतो. समोर जागा दिसली, मी एक गिअर खाली घेतला आणि सवयीने आरशात पाहिलं. तिचा दिवा होता. मी सुटले असते, ती सुटली नसती. समोरून येणारा टेम्पो तोवर आला असता. आणि मी गेले की तीही येणार हे मला पक्कं माहीत आहे. मागचा माणूस पुढच्याच्या निर्णयावर विसंबून येतो, त्याला कंटेनरपलीकडचं काही दिसत नसतं. मी गाडी परत कंटेनरमागे घेतली. तिथून चिपळूणपर्यंत एकच हिशेब ठेवला. दोन गाड्या बसतील तेवढी असेल तर ती जागा. एकीपुरती असेल तर ती जागाच नाही. मागून हॉर्न वाजवणारे वाजवत राहिले.

महाडला सावित्रीच्या पुलावरून गेलो. नवा पूल रुंद आहे, पटकन मागे पडतो. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पुरात इथला ब्रिटिशांच्या काळचा पूल वाहून गेला आणि त्याच्यासोबत एसटीच्या दोन गाड्या. पलीकडे जाऊन मी मूठ वर केली, दोघी थांबलो. शुभांगीने हेल्मेट काढून नदीकडे हात जोडले. काळोखात, पावसात, पुढच्या गाडीचा लाल दिवा बघत चालणारी माणसं. माझ्या मनातून ते दिवसभर गेलं नाही.

कशेडीला बोगदा सोडून मुद्दाम जुन्या घाटाने आलो. वळणं बघायची हौस. परशुराम घाटातून वाशिष्ठीचं खोरं दिसलं तेव्हा उन्हं कलली होती.

जेवताना तिला कंटेनरची गोष्ट सांगितली. ती शास्त्र शिकवते. तिने बिलाची मागची बाजू घेतली आणि पेन काढलं. ट्रक ताशी ५० ने चाललाय, आपण ७० ने. फरक २० चा, म्हणजे सेकंदाला साडेपाच मीटर. ट्रकच्या मागे १५ मीटर, ट्रक स्वतः १०, पुढे जाऊन आणखी १५. एकूण ४० मीटर कापायचे, म्हणजे सात सेकंद. तेवढ्यात आपण रस्त्यावर १४० मीटर पुढे जातो आणि समोरचाही ७० ने येत असेल तर तोही १४०. म्हणजे २८० मीटर मोकळे हवेत, ते एका गाडीला. दुसरी दोन सेकंद मागे आहे, ट्रकच्या वेगाने ते २८ मीटर. तेवढे जास्तीचे कापायला आणखी पाच सेकंद, म्हणजे तिच्यासाठी दोन्ही बाजूंनी १००-१०० आणखी. ४८०. तिने आकड्याखाली दोन रेघा मारल्या आणि म्हणाली, "हे तू नुसतं बघून ठरवत होतीस?" हो, नुसतं बघूनच. ते बिल मी या वहीत ठेवलंय.

शुक्रवार, वागातोर

रस्त्याबद्दल लिहिण्यासारखं फार नाही. हातखंबा, राजापूर, खारेपाटण, कणकवली. सिंधुदुर्गात चौपदरी रस्ता असा की लोणी. सावंतवाडीला मोती तलावाच्या काठावर पुऱ्या संपवल्या. बांद्यानंतर म्हापसा, आणि म्हापशापासून सगळीकडे पाठीवर बॅग बांधलेल्या बुलेटच बुलेट.

एक मात्र लिहून ठेवायचंय. दोन पंपांवर स्वच्छतागृहाला कुलूप होतं. एका ठिकाणी चावी "साहेबांकडे" आणि साहेब जेवायला गेलेले. पंपावर पाणी, हवा आणि स्वच्छतागृह फुकट मिळणं हा गिऱ्हाइकाचा हक्क आहे, त्यात मेहरबानी कसली. लांब पल्ल्याला बायका कमी दिसतात याचं कारण लोक धाडसात शोधतात. त्यांनी एकदा सकाळपासून पाणी न पिता दोनशे किलोमीटर गाडी चालवून बघावी. तहानलेल्या माणसाचं लक्ष उडतं, डोकं दुखतं, ब्रेक उशिरा लागतो. शुभांगीने दुसऱ्या पंपावर चावी येईपर्यंत हलायचं नाही असं ठरवलं, बाकावर बसली, आणि चावी आली.

शनिवार, वागातोर

धुळीच्या ट्रॅकवर शर्यती चालल्यात, गाडीचं मागचं चाक मुद्दाम घसरवायला शिकवणारी शाळा आहे, कारागिरांनी कापून-जोडून नव्याने घडवलेल्या गाड्या आहेत. सगळं पाहिलं. सगळ्यात जास्त वेळ मात्र पार्किंगमध्ये गेला. केरळच्या, पंजाबच्या, मेघालयाच्या नंबरप्लेटा, चिखल अजून न धुतलेला. एका पोराने माझी प्लेट बघून लांबूनच हाक मारली, "काकू, झिरो फोर! मी पण ठाण्याचा, कळव्याचा." परक्या गावी एमएच ०४ दिसल्यावर इतकं बरं वाटेल असं वाटलं नव्हतं. शुभांगीची प्लेट एमएच ४३ ची, तिला वाशीवाले दोघं भेटले.

जो भेटेल तो विचारतो, किती तासांत आलात? आम्ही वाटेत मुक्काम केला म्हटल्यावर काहींच्या चेहऱ्यावरचा रस उतरतो. मला या प्रश्नाचा मनापासून राग येतो. तासांवरून रस्त्याचं काहीच कळत नाही. सोबत कोण होतं, तो कसा चालवतो, कुठे थांबलात, हे कुणी विचारत नाही. बायकांच्या घोळक्यात मात्र नेमकं हेच विचारलं गेलं. बायकर्नी ही बायकांची संघटना २०११ मध्ये पुण्यात सुरू झाली, तेव्हा आम्ही दोघी लेकरांचे डबे भरत होतो. आज त्यांच्यातल्या काहीजणींशी बोलताना पहिला प्रश्न आला, "तुमच्यात पुढे कोण असतं?"

दुपारी गडहिंग्लजचं एक जोडपं भेटलं. आजोबा सत्तरीचे, गाडी कास्ट आयर्न इंजिनची जुनी बुलेट, गिअर उजव्या पायाला, ब्रेक डाव्या. त्यांनी ती चालू करून दाखवली. किक हळूहळू दाबत अँमीटरचा काटा मधोमध आणला, हँडलखालचा डीकॉम्प्रेसरचा, म्हणजे इंजिनातला दाब सोडायचा, बारका लिव्हर ओढून पिस्टन कणभर पुढे सरकवला, आणि मग एकच किक. गाडी अशी संथ धडधडायला लागली की दोन ठोक्यांच्या मध्ये श्वास घ्यावा. आजी बाजूला उभ्या होत्या, डोक्याला रुमाल, हातात हेल्मेट. मी विचारलं, एवढा लांबचा प्रवास मागे बसून कंटाळा नाही येत?

"मागं नुसतं बसून कुठं चालतंय?" त्या म्हणाल्या. "ह्यांना वाऱ्यात ऐकू येत न्हाई. मागनं गाडी आली की मी खांद्यावर एक थाप मारते. दोन मारल्या की थांबायचं. घाटात मी वळायच्या आधी कलते, मग ह्यांना गाडी हलकी जाते."

आजोबा म्हणाले, "ही नसली तर मी आजऱ्याच्या पुढं जात न्हाई."

शुभांगी माझ्याकडे बघत होती. परतताना पुढे ती असणार आहे.

सोमवार रात्र, ठाणे

काल कोल्हापूरला मुक्काम. आंबोलीच्या घाटात धुकं होतं, आजऱ्यापर्यंत अंगावरचं जॅकेट ओलं. घाट चढताना सबंध वेळ तिचा ब्रेकचा दिवा डोळ्यांसमोर. पुढचं वळण मला दिसतच नव्हतं. ब्रेक मारायच्या आधी ती दोनदा नुसता लिव्हर हलवून दिवा चमकवते, हे मला पहिल्यांदा कळलं. खास माझ्यासाठी. इतकी वर्षं तिच्याबरोबर गाडी चालवतेय, पण नेहमी पुढे मीच, त्यामुळे तिचं चालवणं मी पाहिलंच नव्हतं. मागे राहिल्यावर मान सैल होते. सतत लांब बघावं लागत नाही. आपला रस्ता कुणीतरी निवडतंय ही भावना मला घरी, ऑफिसात, कुठेच मिळत नाही, आणि ती कोल्हापूर-साताऱ्याच्या सरळसोट हायवेवर तासन् तास मिळाली.

खंबाटकीचा बोगदा संपल्यावर पुण्याकडे उतरताना इंग्रजी एससारखं वळण आहे. तिथे अपघात फार होतात. बोगद्यात वेग वाढलेला असतो आणि डोळे उजेडाला सरावायच्या आत वळण येतं. बोगद्यातच तिचा दिवा दोनदा चमकला, मग आणखी दोनदा. बाहेर पडलो तेव्हा आम्ही ४० वर होतो.

मग शिंदेवाडीला चहा. पुढे कात्रजचा नवा बोगदा, आणि त्यानंतर नवले पुलापर्यंतचा तो उतार. डिझेल वाचवायला काही ट्रकवाले तिथे गाडी न्यूट्रलमध्ये सोडतात. इंजिनाचा अटकाव राहत नाही, सगळा भार ब्रेकवर येतो, ब्रेक तापून धरेनासे होतात, आणि खाली पुण्याची गर्दी उभी असते. तिथले अपघात पेपरात सारखे वाचतो. शुभांगीने कप खाली ठेवला.

"इथून नवले पुलापर्यंत तू पुढे हो."

"अगं, येताना तू पुढे असं ठरलं होतं ना?"

"इथे गाडी मागून येते. मी मागे थांबते."

मी वाद घालायला तोंड उघडलं तोवर तिने हेल्मेट चढवलं होतं. आणि वाद घालून काय सांगणार होते? तिच्या जागी मी असते तर हेच केलं असतं, आणि तिने तो वाद माझ्याआधी स्वतःशी संपवला होता. उतारभर मी डाव्या लेनमध्ये ५० च्या आत राहिले. आरशात ती, तिच्यामागे एक सिमेंटचा ट्रक. तो उजवीकडून निघून जाईपर्यंत माझे खांदे कानापर्यंत आले होते. ती जराही हलली नाही, लेनच्या मध्ये ठाम, म्हणजे ट्रकवाल्याला ती दिसावी. नवले पूल मागे पडल्यावर तिने डाव्या बाजूने मला मागे टाकलं, हात वर केला आणि परत पुढे लागली.

एक्स्प्रेस वेवर दुचाकीला बंदी, म्हणून जुन्या हायवेने लोणावळा, खोपोली, पनवेल. उरण फाट्याला थांबलो तेव्हा तिने पहिली गोष्ट काढली ती इंटरकॉमची. दोन हेल्मेटांचा जोड घेऊ, अर्धे अर्धे पैसे. आंबोलीच्या धुक्यात आवाज असता तर बरं झालं असतं हे खरंच आहे, मी लगेच हो म्हटलं. पण कात्रजच्या उतारावर तो असता तर मी तिला मागे राहू दिलं नसतं, बोलून बोलून पुढे काढलं असतं. तिला तसं सांगितलं. ती म्हणाली, मग उतारावर मी तो बंद ठेवीन.

उद्या दोन्ही गाड्यांच्या चेन साफ करून तेल द्यायचंय. कोकणातली धूळ आणि आंबोलीचं पाणी मिळून चेनच्या चक्राचे दात झिजवतात. ती संध्याकाळी शाळेतून सुटल्यावर इकडेच येते म्हणाली. सासूबाईंनी तिच्यासाठी थालीपीठं करायचं ठरवलंय.