रात्रभर म्हणजे किती तास?

रविवार, रात्रीचे साडेअकरा. पाषाण, पुणे.

उद्या संध्याकाळपर्यंत औषध कंपनीला काय ते कळवायचंय, लॅब सोडून तिथे जायचं की नाही. ऑफरचं पत्र येऊन दहा दिवस झाले. या दहा दिवसांत मी त्याची प्रिंट काढली, आईला फोनवर वाचून दाखवलं, पगाराचा आकडा माझ्या आताच्या ५८ हजारांशेजारी तीनदा मांडून पाहिला (तिन्ही वेळा तोच मोठा निघाला) आणि निर्णय तेवढा घेतला नाही.

पैशांचं काहीच नाही असं म्हणणार नाही. पीएचडीच्या शेवटच्या वर्षी फेलोशिप चार महिने अडकली होती, तेव्हा खोलीचं भाडं धाकट्या भावानं भरलं. तो तेव्हा नुकताच नोकरीला लागला होता. ते विसरलेलो नाही. पण गेले दहा दिवस डोक्यात घोळतोय तो मुलाखतीतला एक प्रश्न.

मुलाखत नवी मुंबईत, महापेला होती. मी नेहमीच्या स्लाइड्स दाखवल्या, सात स्टेपचं सिंथेसिस (एक रेणू टप्प्याटप्प्यानं बनवणं), शेवटी सुंदर क्रिस्टलचा फोटो. कोपऱ्यात एक पन्नाशीचे गृहस्थ बसले होते, तोवर काही बोलले नव्हते. म्हणाले, "चौथ्या स्टेपला तुम्ही ओव्हरनाइट लिहिलंय. रात्रभर म्हणजे किती तास?"

मी हसलो. ते हसले नाहीत.

रात्रभर म्हणजे रात्रभर! संध्याकाळी सातला रिॲक्शन लावायची, मेसमध्ये जेवायचं, खोलीवर जाऊन झोपायचं, सकाळी दहाला येऊन वर्कअप करायचं, म्हणजे रिॲक्शन थांबवून पदार्थ बाहेर काढायचा. जगभरच्या पेपरांत असंच लिहितात. माझ्या दोन पेपरांना मिळून पाच रिव्ह्यूअर, म्हणजे छापण्याआधी तपासणारे, होते. एकानं तर स्वल्पविराम काढायला लावले, पण हे कुणी विचारलं नाही.

मग त्यांनी विचारलं, हीच स्टेप हजार लिटरच्या रिॲक्टरमध्ये कशी लावाल? मी कागद मागितला. शंभर मिलीच्या फ्लास्कवरून हजार लिटरवर गेलं की आकारमान दहा हजार पट होतं, पण उष्णता जिथून बाहेर पडते तो पृष्ठभाग वाढतो जेमतेम साडेचारशे पट. म्हणजे आमच्याकडे बर्फाच्या टबात जे निमूट बसतं, ते तिथे उकळून झाकण उडवू शकतं. हिशोब अकरावीचा आहे. आठ वर्षं मी फ्लास्क बर्फात ठेवतोय आणि तो एकदाही मांडला नव्हता.

काल शनिवार, लॅब रिकामी होती. सकाळी नऊला चौथी स्टेप लावली आणि दर अर्ध्या तासाला टीएलसी केली (छोट्या प्लेटवर थेंब लावून मिश्रणातले पदार्थ वेगवेगळे ठिपके म्हणून बघायचे). अडीच तासांत सुरुवातीचा पदार्थ संपला. चौथ्या तासाला प्रॉडक्टच्या खाली एक फिकट ठिपका दिसायला लागला. रात्री नऊपर्यंत तो चांगला ठळक झाला होता. ओळखीचाच होता. याच ठिपक्यापायी, तो पदार्थ वेगळा काढायला, मी चार वर्षं सिलिकाच्या नळीचे कॉलम चालवलेत, किलो किलो सिलिका आणि हेक्झेनचे ड्रम संपवलेत, दर वेळी अर्धा दिवस घालवलाय. बाहेर कॅन्टीनही बंद झालं होतं. मी प्लेट यूव्हीखाली धरून बराच वेळ उभा होतो. हा पदार्थ मी झोपलेलो असताना तयार होत होता, आणि झोपलो होतो म्हणूनच होत होता.

माझे सर, म्हणजे लॅबचे प्रमुख, शुक्रवारी म्हणाले होते, "जा रे, पण लक्षात ठेव, तिकडे प्रश्न दुसऱ्याचा असतो." खरं आहे ते. पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी एका रिॲक्शनमधून भलतंच काहीतरी निघालं होतं. ते काय आहे हे शोधण्यात सात महिने गेले आणि मला कुणी एका शब्दानं विचारलं नाही. माझा पहिला पेपर त्यातूनच आला. कंपनीत सात आठवडेसुद्धा कोण देईल? आणि दिले तरी निघेल ते पेटंटमध्ये जाईल, नाहीतर कपाटात. मित्रांना सांगताही येणार नाही. याचं मला मनापासून वाईट वाटतं.

पण औषधाच्या कारखान्यात अशुद्धीकडे काणाडोळाही करता येत नाही. दिवसाला दोन ग्रॅमपर्यंत द्यायच्या औषधात ०.१० टक्क्याच्या वर काही दिसलं की ते कोण आहे हे ओळखावंच लागतं, नियमच आहे तसा. आमच्याकडे एनएमआरमध्ये (रेणूची रचना ओळखायची तपासणी) दोन टक्के कचरा असला तर "सॉल्व्हंट (विद्रावक) असेल" म्हणून पुढे जातो. मग काटेकोर कोण?

सरांनी रसायनशास्त्रज्ञ ए. व्ही. रामा रावांचंही उदाहरण दिलं. पुण्याच्या एनसीएल या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत पीएचडी, तिथेच पुढे १९८५ पर्यंत, मग हैदराबादला आयआयसीटी या सरकारी रसायन संशोधन संस्थेचे संचालक, आणि १९९५ ला निवृत्त झाल्यावर स्वतःची कंपनी. "दोन्ही करता येतं," सर म्हणाले. येत असेल, पण त्यांनी क्रम कसा लावला तेही बघायला हवं. साठीत उंबरठा ओलांडणाऱ्याला मागचं दार बंद होण्याची भीती नसते. मी बत्तीसचा आहे. प्राध्यापकपदाच्या जाहिरातीत "वय ३५ च्या आत असल्यास प्राधान्य" असं वाचलं की मी मनात महिने मोजतो. एकदा बाहेर पडलो की परत कोण घेणार?

आईचा प्रश्न एवढाच होता, "सरकारी नाही ना?" नाही म्हटल्यावर ती जरा थांबली. मग म्हणाली, "जेवणाचं काय तिकडे?"

साडेबारा वाजले. होकाराचा मेल लिहून ठेवलाय. रुजू व्हायला सहा आठवडे मागितलेत, तिसरा पेपर तेवढा बाहेर पडू दे. सकाळी आधी सरांना सांगेन, मग पाठवेन.

लॅबच्या वहीत चौथ्या स्टेपला "ओव्हरनाइट" खोडून "२ तास ३० मिनिटं" लिहिलंय, खाली सही आणि तारीख. आमच्या ज्युनिअरला मंगळवारी हीच स्टेप करायची आहे. तिला आत्ताच मेसेज टाकला: संध्याकाळी लावू नकोस, सकाळी लाव.