वार

आषाढ लागला की आमच्या बेळगावातल्या वडगावात मंगाईदेवीच्या यात्रेची बोलणी सुरू होतात, आणि यात्रेच्या आधी येतात ते पाळणुकीचे वार. वार पाळायचा म्हणजे शिवारात भांगलायला जायचं नाही, बैल जुंपायचे नाहीत आणि विणकरानं मागाला हात लावायचा नाही. दरवर्षी कुणीतरी विचारतंच, 'एवढ्या महागाईत वार कसले पाळताय?' विचारणाराही त्या दिवशी घरीच बसलेला असतो.

आमच्या घरात दोन माग. खरं तर मागांच्या घरात आम्ही राहायचो. मिनिटाला शंभराच्या वर वेळा धोटा इकडून तिकडं आपटतो. त्या खडखडाटात वाढलेल्या पोरांना हळू बोलता येत नाही. माझ्या बहिणीला सासरी पहिल्याच आठवड्यात 'भांडतीस काय गं?' म्हणून विचारलं होतं.

वाराच्या दिवशी तो आवाज नसायचा आणि त्यामुळेच जाग यायची. मग एकेक ऐकू यायला लागायचं. नळाखाली भरत आलेली घागर, समोरच्या काकांचा खोकला, पत्र्यावरचा पाऊस, वाती वळता वळता शेजारच्या आज्जीचं स्वतःशीच चाललेलं कानडी पुटपुटणं. दहाच्या सुमाराला माणसं कट्ट्यावर यायची. सुताचा भाव, कुणाचं लग्न जमलंय, बळ्ळारी नाल्याचं पाणी यंदा कुठवर येणार. देवीनं वार कशासाठी मागून घेतला ते पुजाऱ्याला माहीत. मला विचाराल तर, गाऱ्हाणी घेऊन आपल्याकडं यायच्या आधी माणसांनी ती एकमेकांना सांगून बघावीत, असा तिचा बेत असणार.

एका वर्षी आप्पांनी वार मोडला. सावकाराकडून उचल घेतलेली होती, साड्या बुधवारी सकाळी हव्या होत्या, आणि दोन अजून मागावरच होत्या. आप्पांनी दार लावलं, खिडकीत गोधडी कोंबली आणि एकच माग चालू केला. आता माग म्हणजे काय मनगटी घड्याळ आहे, गोधडीआड लपायला? निपचित पडलेल्या गल्लीत आमचा एकटा माग असा काही बडवत सुटला की हातातल्या कांड्या टाकून पळून जावंसं वाटलं मला.

पाच मिनिटांत कडी वाजली. आईच्या तोंडचं पाणी पळालं. दारात शेजारची आज्जी. आप्पांनी बटण बंद केलं आणि खाली बघत उभे राहिले.

आज्जीनं मागाकडं बघितलंसुद्धा नाही. 'एनातो तम्मा?' म्हणाली. काय झालं रे बाबा? मग तिच्या मोडक्या मराठीत, 'घरात कोण आजारी हाय काय? पैशाचं अडलंय काय?' वार मोडला म्हणजे या घरात आधीच काहीतरी मोडलेलं आहे, हा तिचा सरळ हिशेब. जे आप्पा आईलाही काही सांगत नसत, ते उंबऱ्यावर बसून उचलीचं सगळं सांगून मोकळे झाले. संध्याकाळी आज्जीचा मुलगा त्यांच्याबरोबर सावकाराकडं गेला. दोन दिवसांची मुदत मिळाली. पुढच्या वारी आईनं देवीची ओटी भरली आणि दंडाचा म्हणून एक नारळ जास्त फोडला.

आमच्याकडं 1956 पासून भाषेचं भांडण आहे, 2014 साली 'बेळगाव'ची पाटी बदलून 'बेळगावी' झाली. 1 नोव्हेंबरला आज्जीच्या घरी कर्नाटक राज्योत्सव आणि आमच्या घरी काळा दिन. 2 तारखेला विरजण मागायला कुणाच्या दारात जायचं, यात मात्र कधी घोळ झाला नाही.

2020 मध्ये माग आठवडेच्या आठवडे बंद राहिले. तीही शांतताच होती, पण तिच्यात कट्टाही रिकामा होता. कुणाच्या घरी काय शिजतंय, शिजतंय तरी का, काही कळेना. त्यानंतर आप्पांनी एक माग भंगारात घातला. दुसऱ्यावर आई गोधड्या रचून ठेवते.

त्याच खोलीत बसून मी आता बेंगळुरूच्या एका कंपनीचं काम करतो. गेल्या आषाढातल्या एका वारी सकाळपासून लॅपटॉपसमोर होतो. मान आखडली म्हणून बाहेर आलो, तर आज्जी कट्ट्यावर. नव्वदीला टेकलीय आता.

'वार पाळलास काय रे?'

'नाही आज्जी. काम होतं.'

ती थोडा वेळ आमच्या दाराकडं बघत राहिली. 'तुझं ते मशीन आवाजच करत नाही,' म्हणाली. 'मग आम्हाला कळायचं कसं?'

खिशात फोन थरथरत होता. आज्जीनं पदरानं शेजारची जागा झाडली.