कुठले कुलकर्णी?

आमच्या कोथरूडच्या सोसायटीत पार्सल घेऊन कुणी आलं की वॉचमनचा पहिला प्रश्न ठरलेला, ‘कुठले कुलकर्णी?’ मेंटेनन्सच्या एक्सेलला मात्र हा प्रश्न कधी पडला नाही. तिथे नाव, फ्लॅट, मोबाइल, गाडी, थकबाकी सगळं एकाच लांबलचक ओळीत. एका शीटमध्ये ‘अ. वि. कुलकर्णी’, दुसरीत ‘कुलकर्णी काका’. मोबाइल बदलला की एकीकडे दुरुस्ती होते, दुसरीकडे राहून जाते.

या दुखण्यावरचा इलाज जुना आहे. आयबीएममधल्या एडगर कॉड यांनी 1970 साली रिलेशनल मॉडेल मांडलं. एक गोष्ट एकाच तक्त्यात लिहायची, इतर तक्त्यांनी तिच्या ‘की’कडे, म्हणजे ती गोष्ट नेमकी ओळखणाऱ्या खुणेकडे, बोट दाखवायचं.

पण माणसाची ही ‘की’ म्हणून घ्यायचं काय? नाव तर बादच. मोबाइल? सोडून दिलेला नंबर पुढे दुसऱ्या कुणाला तरी मिळतो. गाडीचा एमएच-12 नंबरही बदली होऊन परराज्यात कायमचं गेलं की जातो. उरला फ्लॅट नंबर, आणि गंमत तिथेच आहे. बी-304 मधले भाडेकरू पार्किंगचा दंड न भरता गेले, तो नव्या जोडप्याच्या बिलात उगवला. फ्लॅट आणि माणूस एकच धरलेले, दुसरं काय होणार! फ्लॅटचा तक्ता वेगळा, माणसांचा वेगळा आणि कोण कुठे कधीपासून कधीपर्यंत राहिलं याचा तिसरा हवा.

माणसाला मी सरळ एक निरर्थक आकडा देतो. लाँड्रीवाला कॉलरच्या आत शाईनं खूण करतो ना, तसा. त्यानं ‘निळा शर्ट’ लिहिलं असतं, तर रंग उडाल्यावर पंचाईत. अर्थात नुसत्या आकड्यावर विसंबलं तर तेच काका 41 आणि 97 असे दोनदा घुसतात. त्यामुळे एकच पॅन नंबर दुसऱ्यांदा नको, असली युनिकची अट माणसांच्या तक्त्यावर घालावीच लागते. हा भाग लोक हमखास टाळतात.

फॉरेन कीवर, म्हणजे एका तक्त्यातून दुसऱ्यातल्या ‘की’कडे दाखवलेल्या त्या बोटावर, आमचे सेक्रेटरी चिडून आहेत. घर विकून गेलेल्या सभासदाचं नाव ते उडवायला जातात आणि डेटाबेस साफ नकार देतो, कारण त्या नावाला अजून बिलं लटकलेली असतात. ‘अहो, माणूस बाणेरला गेला!’ ते म्हणतात. गेला असेल, पण थकबाकी इथेच आहे.