जर्मनीत जन्मलेल्या मुलीचं नाव: शेवटचं अक्षर आधी तपासा

आपल्याकडे नावाचं पहिलं अक्षर पाहतात. 27 नक्षत्रं, प्रत्येकाचे 4 चरण, त्यातून निघणारं अक्षर आणि त्यावरून रासनाव. जर्मनीत राहणाऱ्या मराठी आईवडिलांनी तेवढ्याच काळजीने शेवटचं अक्षर पाहायला हवं, कारण इथे नाव बिघडतं ते बहुतेक वेळा शेपटाशी.

आधी वेळेचं गणित. बाळाच्या जन्माची खबर एका आठवड्याच्या आत ‘श्टांडेसआम्ट’मध्ये, म्हणजे जन्म-मृत्यू-विवाह नोंदणी कार्यालयात, पोचावी लागते. बाळ रुग्णालयात जन्मलं तर ते काम रुग्णालय करतं, आणि नावाचा फॉर्म बाळंतिणीच्या खाटेपाशीच येतो. बारसं बाराव्या दिवशी, फॉर्म दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी! नाव ठरलं नसेल तर घाईने काहीतरी लिहून देऊ नका. कायद्याने नाव कळवायला एक महिना मिळतो. एकदा नोंदलेलं नाव पुढे बदलायचं तर ठोस कारण द्यावं लागतं, आणि ‘उच्चार चुकतो’ एवढ्यावर भागेल असं धरून चालू नका.

आता शेपूट. सगळ्यात जास्त घोटाळा ‘श्री’चा. राजश्री, तेजश्री, भाग्यश्री या नावांच्या शेवटी आपण सवयीने एस-एच-आर-ई-ई लिहितो. जर्मन वाचताना ई हे अक्षर दोनदा आलं की उच्चार लांब ‘ए’ होतो. चहाला ते टी-ई-ई लिहितात आणि ‘टे’ म्हणतात. म्हणून तेजश्रीची ‘तेयश्रे’ होते आणि मंजिरीची ‘मांयिरे’. शेवटी एकच आय लिहा, दीर्घ ई नीट ऐकू येईल. सई आणि जाई मात्र अवघड. एस-ए-आय लिहिलं तर ‘झाय’, कारण ए-आय म्हणजे त्यांच्या लेखी ‘आय’, आणि स्वराआधीचा एस ‘झ’सारखा. एस-ए-ई-ई लिहिलं तर ‘झाए’. त्यातल्या त्यात एस-ए-वाय-आय बरं. निदान शेवटची ई शाबूत राहते.

‘जा’ने संपणारी नावं: गिरिजा, तनुजा, ऋतुजा. जर्मन जे म्हणजे ‘य’. आन्या, सोन्या, तान्या ही त्यांच्याकडची मुलींची नावं शेवटी जे-ए लावूनच लिहितात. त्यामुळे गिरिजा ‘गिरिया’ होणारच. ‘ज’साठी जर्मन पद्धतीने डी-एस-सी-एच लिहिता येतं, पण मग पुण्यातल्या आजीला आणि इंग्रजी वाचणाऱ्या कुणालाही ते नाव लागणार नाही. याला स्पेलिंगचा उपाय नाही. नाव मनापासून आवडलं असेल तर ठेवा आणि मुलीला लहानपणापासून स्वतःचं नाव ठणठणीत उच्चारायला शिकवा. उलट काव्या, तनया, अनन्या यांचा वाय तसाच राहू द्या. जर्मनांच्या सोयीसाठी तिथे जे घातला तर भारतात ‘काव्जा’ वाचतील.

पल्लवी, जान्हवी, वैष्णवी यांच्या ‘वी’त व्ही लिहिला तर वाचणारा अडखळतो: व की फ? ईव्हा हे नाव व्हीने लिहितात आणि बहुतेक जण ‘एफा’ म्हणतात. डब्ल्यू लिहिला तर जर्मनीत स्वच्छ ‘व’ आणि भारतातही ‘व’च.

अंकशास्त्रासाठी शेवटी जादा एच जोडायची पद्धत इथे महागात पडते. सारा आणि हाना ही नावं जर्मनीत एचसह आणि एचशिवाय, दोन्ही प्रकारे लिहितात. त्यामुळे प्रत्येक खिडकीवर ‘मिट हा, ओडर ओने?’ (एच आहे की नाही?) हा प्रश्न येतो. तो जादा एच मुलीला जन्मभर सांगत बसावा लागेल.

नाव ‘आ’ किंवा ‘ई’ने संपलंच पाहिजे का? नाही. किरण या नावावरूनच इथे खटला झाला होता. वडील भारतीय वंशाचे, मुलीचं नाव किरण. त्यावरून मुलगी की मुलगा हे कळत नाही, म्हणून नोंदणी कार्यालयाने जोडीला स्पष्ट बायकी नाव मागितलं. 5 डिसेंबर 2008 रोजी जर्मनीच्या घटना न्यायालयाने निकाल दिला की नावातून लिंग कळलंच पाहिजे असं कायदा कुठेही म्हणत नाही. मर्यादा आहे ती बाळाच्या हिताची. तेव्हा शीतल, कोमल, किरण बिनधास्त ठेवा. पत्रांवर अधूनमधून ‘हेर’, म्हणजे श्रीयुत, छापून येईल, एवढी तयारी हवी. कार्यालयाला नाव अनोळखी वाटलं तर लाइपझिग विद्यापीठाचं नाव-सल्ला केंद्र किंवा वीसबाडेनची जर्मन भाषा संस्था शुल्क घेऊन दाखला देते.

फॉर्म भरण्याआधी एक चाचणी करा. नाव कागदावर लिहून, स्वतः न उच्चारता, तीन जर्मन माणसांना वाचायला द्या. मग तेच नाव फोनवर सांगून पाहा. 2022पासून हिज्ज्यांसाठी शहरांची नावं वापरायची नवी यादी आहे: ए म्हणजे आखेन, आय म्हणजे इंगेलहाइम. जुन्या लोकांना अजून ‘आंटोन’ आणि ‘इडा’च कळतं.

ठरलेलं स्पेलिंग जन्मदाखल्यावर अक्षर न् अक्षर तपासून घ्या. आईवडील भारतीय नागरिक असतील आणि बाळाला भारतीय नागरिकत्व हवं असेल, तर भारतीय दूतावासात जन्मनोंद एका वर्षाच्या आत करावी लागते. तिथे आणि पासपोर्टवर तेच स्पेलिंग ठेवा; दाखल्यावर एक आय आणि पासपोर्टवर दोन ई असं झालं तर पुढे प्रत्येक कागदासोबत खुलासा जोडावा लागतो.