वाढलेले मार्क

अकरावीला इंग्रजीच्या बाई फळ्यावर डावीकडे अलंकारांची नावं लिहायच्या, उजवीकडे व्याख्या. सिमिली आणि मेटॅफरपर्यंत बरं चाललं होतं, कारण उपमा-रूपकाशी मराठीच्या तासाला जुनी ओळख होती. खरी दैना ओनोमॅटोपियाने केली. अर्थ सोपा, नुसतं खळखळ आणि टपटप. पण स्पेलिंगच्या शेवटी 'पी'नंतर ओ, ई, आय, ए असे चार स्वर रेशनच्या रांगेत उभे असल्यासारखे. त्यातला एखादा मध्येच घुसायचाच.

मग आला युफेमिझम. 'डाइड' म्हणायचं नाही, 'पास्ड अवे' म्हणायचं. मागच्या बाकावरून कुणीतरी कुजबुजलं, "मेल्यावर का होईना, पास होतोय."

मला मात्र आजी आठवली. तिच्या राज्यात काही फुटत नसे, काही बंद होत नसे. बांगडी वाढायची, नारळ वाढवायचा, वाणी रात्री दुकान वाढवायचा. अंधार पडल्यावर परड्यात साप निघाला तर त्याचं नाव घ्यायचं नाही, 'लांबडं' म्हणायचं. घरातून निघताना 'जातो' म्हटलं की ती उंबऱ्यावरून परत बोलवून 'येतो' म्हणवून घ्यायची. आईला कावळा शिवला की लहानपणी मी तो कावळा अंगणभर शोधायचो. (शब्द तेवढा सोज्वळ. आईला तीन दिवस बाजूला बसावं लागायचं ते लागायचंच.)

मराठी व्याकरणात याच जातीची पर्यायोक्ती आहे. तिथे कुणाचे तरी वडील कायम सरकारी पाहुणचार घेत असतात.

युफेमिझमचं मूळ ग्रीक आणि त्याचा मूळ अर्थ 'शुभ बोलणं', हे फार पुढे कळलं. म्हणजे आपलं 'शुभ बोल रे नाऱ्या'च की! त्यावर नाऱ्या काय म्हणाला ते आपल्याला ठाऊक आहे. आता मांडव खरंच पेटला असेल तर मी नाऱ्याच्याच बाजूचा.

चाचणीत स्वतःच्या मनाचं उदाहरण द्यायचं होतं. मी ऐटीत लिहिलं, 'माय ग्रँडमदर्स बँगल हॅज ग्रोन.' बाईंनी त्याभोवती लाल गोल काढला, शेजारी प्रश्नचिन्ह, आणि २ पैकी भोपळा.

घरी आलो तेव्हा आजी विळीवर खोबरं खवत होती.

"किती पडले रे?"

"मार्क वाढले, आजी."

तिने मानही वर केली नाही. म्हणाली, "नारळ वाढतो, तसे का?"